रोबोविमान आणि घरघंटी

मंगळवार, ९ सप्टेंबर

उद्योजिकेनं रोज डायरी लिहावी, असं गृहउद्योगाच्या प्रशिक्षणात अंजली मॅडमनी सांगितलं. रोज एक अडचण लिहायची आणि तिच्यापुढं उपाय. ठीक आहे. माझी अडचण साडेपाच फूट उंच आहे, तिला एक काच, एक दांडी आणि दोन बटणं आहेत, आणि ती माझ्या हॉलच्या कोपऱ्यात एकवीस वर्षं उभी आहे.

उपाय: सुचला की लिहीन.

मी मंजुषा गायखे, माहेरची खैरनार, सटाण्याची. आमचं नाशिकला सिडकोत दोन खोल्यांचं घर. चंदरभाऊनं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, यंदाची भाऊबीज आगाऊ म्हणून मला घरघंटी घेऊन ठेवली आहे. दिवाळीच्या आधी भाजणी, मेतकूट, थालीपिठाचं पीठ दळून द्यायचं. गल्लीतल्या अकरा बायकांनी नावं सांगून ठेवलीत. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणत नाहीत, म्हणून घंटी दसऱ्याच्या मुहूर्तावर येणार. ठेवायची कुठं? मोठ्या पिनेचा सॉकेट घरात एकच, तो त्या कोपऱ्यात. आणि तिथं आमच्या यजमानांचं, धनराजरावांचं, लाडकं मशीन. या घरात भिंतीवरचा एक खिळासुद्धा मी माझ्या मनानं ठोकलेला नाही. मला तो कोपरा पाहिजे म्हणजे पाहिजे.

लग्न ठरलं तेव्हा धनराजचं शालिमारला व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. (तोंडावर मी अहो-जाहो करते. वही माझी आहे.) पार्लर बुडालं, हा अंबडच्या एका कंपनीत स्टोअरला लागला, पण हे एक मशीन काही सोडलं नाही. त्यात एकच गेम. एक विमान डावीकडून उजवीकडे उडत जातं आणि समोरून येईल त्याला गोळ्या घालतं. लाल बटण दाबलं की विमानाला हातपाय फुटतात आणि त्याचा रोबो होतो. परत दाबलं की परत विमान. नाव जपानीत असल्यामुळं कुणालाच वाचता आलं नाही. पोरं रोबोविमान म्हणायची.

आणि त्यावर याचा रेकॉर्ड. पहिल्या नंबरावर इंग्रजीत तीन अक्षरं, आर-ए-जे, आणि पुढं आठ लाख चौऱ्याहत्तर हजार दोनशे. तीनच अक्षरं मावतात, म्हणून धनराजमधला 'राज' लिहिला म्हणे. लोक नाव पुढून लिहितात, हा मागून लिहितो. आमची मंडळी स्थळ बघायला आली तेव्हा यानं छाती काढून तो आकडा दाखवला होता. मी वीस वर्षांची. मला वाटलं, असेल बाई काहीतरी मोठं.

हे मशीन बंद करायचं नाही, बोर्ड जळतो, असा घरात कायदा आहे. पार्लरमधून ते टेम्पोतून बॅटरी लावूनच आलं, सलाइन लावलेल्या पेशंटसारखं. लोडशेडिंगच्या दिवसांत पंखा बंद, फ्रीज बंद आणि रोबोला मात्र इन्व्हर्टर. बाळंतपणाहून आले तेव्हा मी आणि माझी संध्या घामानं निथळत होतो. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

विषय काढला.

"अहो, दसऱ्याला घंटी येतेय. हे मशीन हलवायचं."

"कुठं?"

"जिथं पार्लर गेलं तिथं."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "मंजू, त्यावर माझा रेकॉर्ड आहे."

"मग एकदा खेळून दाखवा. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. पंधरवडाही चालूच आहे."

"वाघ रोज उठून शिकार करून दाखवत नसतो," म्हणाला.

लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी याला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही. गर्व तरी किती असावा माणसाला! बायकोसमोर खेळणंसुद्धा कमीपणाचं वाटतं. मी तसं बोलून दाखवलं तर हसला आणि म्हणाला, "एवढं आहे ना, मग तूच मोड माझा रेकॉर्ड. दसऱ्याच्या आत मोडलास तर मी स्वतः मशीन उचलून भंगारात देतो. नाही मोडलास तर परत विषय काढायचा नाही."

"शब्द?"

"शब्द."

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. पोळ्या लाटताना लाटणं मोडलं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

तो कंपनीत गेल्यावर बसले. एका डावात तीन जीव मिळतात. पहिला पाच सेकंदांत गेला, दुसरा चार, तिसरा कधी गेला ते कळलंच नाही. स्कोअर तीनशे. अकरा डाव खेळले. दिवसातून तेहतीस वेळा मेलं तरी बाईला संध्याकाळचा स्वयंपाक काही चुकत नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

धनराजला सल्ला विचारला. म्हणाला, गुहेत शिरताना रोबो हो. झाले. रोबो आडवा-तिडवा, त्याचं डोकं छताला आपटलं आणि खेळ खलास. नऊ वेळा केलं, नऊ वेळा तेच. मग चिडून विमानच ठेवलं तर सुळकन आरपार! म्हणजे हा मुद्दाम उलटं सांगतो. रेकॉर्ड वाचवायला माणूस कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही.

विचारलं, "तिसरी लेव्हल कशी आहे?"

"फार अवघड."

"आणि चौथी?"

"चौथी पण अवघडच असणार."

असणार म्हणे! वेड पांघरून पेडगावला जाण्यात हा माणूस एक नंबर आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सापडलं! सापडलं! ते मेले मनाला येईल तसे येत नाहीत. दर वेळी त्याच जागी, त्याच क्रमानं येतात. म्हणजे ही पाठांतराची गोष्ट आहे, आणि पाठांतरात माझा हात कुणी धरणार नाही. मला अथर्वशीर्ष पाठ, सगळ्या आरत्या पाठ, गल्लीतल्या सगळ्यांचे वाढदिवस पाठ.

वहीच्या मागच्या पानावर भाजणीचं प्रमाण लिहिणार होते, तिथं हे लिहिलं: तीन वरून, दोन खालून, थांब, रोबो, एक ठोसा, विमान, वर, वर, खाली, लोखंडी खेकडा, रोबो, दोन ठोसे. आरतीच्या चालीवर म्हणत म्हणत खेळले. दोन लेव्हल पार. अठ्ठ्याऐंशी हजार!

धनराजला सांगितलं. "बरं," म्हणाला आणि बराच वेळ नुसता माझ्याकडे बघत राहिला. जळतोय.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

मखमलाबादच्या सखुबाई सकाळी फुलपुडी द्यायला आल्या त्या पाटी खाली ठेवून बसूनच राहिल्या.

"काय गं, कुणाला मारती?"

"सखुबाई, ते लोखंडी खेकडे आहेत."

"मग मार की, वाट कुणाची बघती? आगं वरून लय आलं, वरून! झालं. मेली का?"

"दोन जीव आहेत अजून."

"तुझं बरं हाय."

तासभर बसल्या. गल्लीतल्या देवांना आज फुलं उशिरा मिळाली. मधेच पुण्याहून संध्याचा फोन. "आई, धंदा कुठवर आला?" मी म्हटलं, चौथ्या लेव्हलला आहे. तिला फार आनंद झाला.

सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना

चार लाख बारा हजार. अडचण: भाजी करपली. उपाय: लोणचं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

धनराज गेले चार दिवस कंपनीतून थेट घरी येतो. चौकातल्या गप्पा बंद. माझ्या मागं स्टूल घेऊन बसतो. दांडीत तेल सोडलं, माझ्या पाठीला उशी लावली, काल तर चहासुद्धा स्वतः केला. साखर विसरला, पण केला. माझ्यावर पाळत ठेवतोय, दुसरं काय!

आज पाचव्या लेव्हलला ढगांतून सोन्याचा राजवाडा निघाला तर हा ओरडला, "आयला, हे तर मी कधी पाहिलंच नव्हतं!" मी मान वळवली. तर म्हणे, "म्हणजे, बऱ्याच वर्षांत."

सहा लाख नव्वद हजार. संध्याकाळी टीव्ही लागलेला नाही चार दिवस. आम्ही दोघं एका खोलीत इतका वेळ बसल्याचं मला तरी आठवत नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आठ लाख एकसष्ट हजार! तेरा हजार दोनशे कमी पडले! शेवटच्या बॉसचा, म्हणजे सगळ्यांत मोठ्या राक्षसाचा, एक हात तुटला होता, दुसऱ्याला फक्त दोन ठोसे हवे होते, आणि माझा अंगठा घामानं सटकला. मी मोठ्यानं शिवी दिली. नवरात्रात. देवी माफ करो.

धनराज पांढराफटक पडला होता. "मंजू, तू खरंच मोडणार," म्हणाला. नीट जेवलाही नाही.

भांडी घासताना मनात आलं, मशीन भंगारात गेलं की त्या रोबोचं काय? मग स्वतःलाच दटावलं. घरघंटी, मंजुषा, घरघंटी!

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

कर्म माझं.

आमच्या सटाण्याला खंडेनवमीला नांगर, विळे, कोयते, पाण्याची मोटार, सगळं धुऊन पुसून पूजतात आणि त्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाहीत. वर्षभर राबतं, एक दिवस विसावा. इथं मी दरवर्षी सुरी, कात्री आणि शिलाई मशीन पूजते. यंदा रोबोविमानाकडं बघितलं आणि जीव कळवळला. एकवीस वर्षं डोळा मिटला नाही बिचाऱ्याचा. बोर्ड जळायचा तर चालू ठेवून जळेल, विसाव्यानं कुणी जळतं का? काच पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि पिन काढली. इन्व्हर्टरचंही बटण बंद केलं. म्हटलं, नीज रे बाबा.

संध्याकाळी धनराज आला. माळ बघितली, मग पिन बघितली. पिन लावली. मशीन नीट चालू झालं, बोर्ड-बिर्ड काही जळला नाही. पण नंबरांची यादी आली तर सगळी परकी नावं! पहिल्या नंबरावर कुणीतरी पन्नास हजारवाला. आर-ए-जे नाही. आठ लाख चौऱ्याहत्तर हजार दोनशे नाही. बंद केलं की रेकॉर्ड पुसला जातो, हे या माणसानं मला कधी सांगितलंच नव्हतं!

तो मशीनवर डोकं टेकून उभा राहिला. खांदे गदागदा हलत होते. बिचाऱ्याच्या आयुष्यातला एकुलता एक पराक्रम, आणि तो मी हळदकुंकू लावून पुसला. मी रडायला लागले तर उलट माझीच समजूत घातली. "जाऊ दे गं. व्हायचं ते झालं. पैज रद्द. रेकॉर्डच नाही तर मोडणार काय? मशीन आपलं राहू दे इथंच." किती मोठं मन!

मग चार पुरणपोळ्या खाल्ल्या. दुःखात माणूस जास्त खातो म्हणतात.

म्हणजे कोपरा गेला. उद्या चंदरभाऊ घंटी घेऊन दारात उभा राहील आणि मला त्याला परत पाठवावं लागेल. तोंड आहे का मला काही मागायला?

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दसऱ्याचं कालच लिहायला हवं होतं. पण काल जमलं नाही.

दुपारी चंदरभाऊ पिकअपमधून घंटी घेऊन आला. शेजारी जमले, सखुबाई आपट्याची पानं घेऊन आल्या. भाऊनं हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाला, "हाऊ खोका अजून आठेच शे का?"

मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, आणि धनराजला हात जोडले. "अहो, आज सीमोल्लंघनाचा दिवस. पुन्हा रेकॉर्ड करा. माझ्या हातून गेला, माझ्या डोळ्यांसमोर परत येऊ दे. नाहीतर हा सल माझ्या जिवाला कायमचा राहील."

"अंगठा दुखतोय," म्हणाला.

"कोणता?"

"दोन्ही."

"दाजी, बसा ना," चंदरभाऊ म्हणाला. "दोन मिनिटनं काम."

सगळ्यांनी धरून बसवलाच. विमान उडालं. पहिल्याच खेकड्यानं पाडलं. शेजारी म्हणाले, सवय गेली असेल. दुसरा जीव. गुहा आली. आणि यानं काय करावं? लाल बटण दाबलं, रोबो केला, आणि छताला डोकं आपटून मेला.

तिथं मला कळलं. त्यानं मला उलटं सांगितलं नव्हतं. त्याला तेवढंच माहीत होतं.

तिसरा जीवही गेला. स्कोअर चारशे. सखुबाई म्हणाल्या, "आरं, हे तर उडायच्या आधीच पडलं." कुणी हसलं नाही. धनराज उठला नाही, दांडीवर हात ठेवून तसाच बसला.

"आर-ए-जे कोण?" मी विचारलं.

"राजू. पार्लरशेजारी पंक्चरचं दुकान होतं, तिथला. आता घोटीला असतो."

"आणि तुम्ही?"

"मला त्या गुहेच्या पुढं कधी जाता आलं नाही, मंजू. पार्लर माझं होतं, खेळणारे दुसरे." मग चंदरभाऊकडे न बघता म्हणाला, "हे स्थळ बघायला आले तेव्हा यांनी विचारलं, मुलात विशेष काय आहे. मागं स्क्रीनवर ती तीन अक्षरं चमकत होती. माझ्यात दुसरं काय होतं सांगण्यासारखं?"

"आणि एकवीस वर्षं मशीन चालू ठेवलं ते..."

"पुसलं गेलं असतं तर तू म्हणाली असतीस, पुन्हा करून दाखवा."

म्हणजे परवा खांदे हलत होते ते रडण्यानं नव्हे! सुटलो म्हणून हसत होता मेला, आणि त्याच आनंदात चार पोळ्या!

मग मी जे बोलले ते निम्म्या सिडकोनं ऐकलं असेल. माझा पंखा बंद ठेवून तुम्ही तुमचं खोटं चालू ठेवलंत, ते कोवळं पोर घामोळ्यानं रडत होतं, असं सगळं सगळं बोलले. तो ऐकत राहिला. एकदाही 'पण' म्हणाला नाही. मग मी आत जाऊन दार लावून रडले. राग होताच, पण लाजही वाटत होती. चोवीस वर्षं मी याला गर्विष्ठ समजत आले आणि हा नुसता घाबरलेला होता. मला त्या आकड्याचं काय होतं? मी तर त्याच्या गालावरच्या खळीला हो म्हटलं होतं. हे त्याला कधी सांगितलं नाही, ही माझी चूक.

बाहेर आले तर चंदरभाऊनं बाह्या सरसावल्या होत्या. "हाई भंगारमा जाई."

"हात लावायचा नाही!" मी ओरडले. माझं मलाच नवल वाटलं.

"मी शब्द दिला होता," धनराज म्हणाला. "माझा खरा रेकॉर्ड चारशे. तू मोडलास. कोपरा तुझा."

"कोपरा माझाच. पण भंगारात काय द्यायचं ते मी ठरवणार."

संध्याकाळी दिवाण गॅलरीत गेला. दिवाणाच्या जागी मशीन, कोपऱ्यात घरघंटी, इन्व्हर्टर पंख्याला. घंटीला कुंकू लावलं आणि पहिलं मूठभर धान्य टाकलं. भाऊ जाताना धनराजच्या पाठीवर थाप मारून गेला, जरा जोरातच.

सोमवार, ६ ऑक्टोबर

वायरमन बघून गेला. जुनी वायरिंग, दोन्ही एकदम चालवायचं नाही म्हणाला, नाहीतर अख्खं घर अंधारात. सॉकेटही एकच. म्हणजे सकाळी घंटी लावायची तर मशीनची पिन काढायची, आणि पिन काढली की आदल्या दिवशीचं सगळं साफ. रोज सकाळी सगळे शून्यावर. मला ही पद्धत फार आवडली.

संध्याकाळी धनराजला शिकवते. वहीचं मागचं पान पाठ करायला दिलंय. शिकवणी घेताना अहो-जाहो जमत नाही. "आता रोबो! रोबो म्हटलं ना! अरे गुहेत नाही रे बाबा!" तो म्हणतो, रागावून बोललीस की लक्षात राहतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सोळा किलो भाजणी दळली. धनराज चाळायला आणि पिशव्या बांधायला असतो. नाकात पीठ जाऊन शिंका देत असतो.

काल त्यानं दुसरी लेव्हल पार केली आणि मशीन सोडून घरभर फिरला. इकडं तिसरीत विमान आपटून मेलं, तेही बघितलं नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काल संध्याकाळी आठ लाख एक्याण्णव हजार सहाशे. शेवटचा बॉस पाडला. दोन्ही हात, मग डोकं. काच पांढरी झाली, जपानीत काहीतरी लिहून आलं, आणि नाव विचारलं. मी एम-ए-एन लिहिलं. पहिला नंबर. राजूपेक्षा सतरा हजार चारशे जास्त. आम्ही दोघं किती तरी वेळ ती यादी बघत बसलो होतो.

आज सकाळी दार उघडलं तर सखुबाई उभ्या, डब्यात भाजलेलं धान्य. "पोरी, लवकर दळून दे. मला बाजार गाठायचा हाय."

मी मशीनच्या पिनेला हात घातला आणि हात तिथंच थांबला. काचेवर माझं नाव होतं.

"आज राहू दे," धनराज म्हणाला. "सखुबाई उद्या येतील."

"उद्या कशी येऊ? पाव्हणं आलेत घरी."

"मग निदान फोटो काढू दे."

"काढा," मी म्हटलं. "पण कुणी विचारलं, हा कुणाचा, तर काय सांगाल?"

त्याचा चेहरा पडला. माझं मलाच वाटलं, जास्त बोलले. त्यानं फोटो काढला. मग सखुबाईंकडे वळून, अगदी खणखणीत आवाजात, शेजारच्या भिंतीलाही ऐकू जाईल असा म्हणाला, "सखुबाई, हा माझ्या बायकोचा रेकॉर्ड आहे. आठ लाख एक्याण्णव हजार सहाशे. अख्ख्या नाशकात कुणी मोडलेला नाही. आणि मला नव्वद हजारांच्या वर जाता येत नाही."

"बरं बाबा," सखुबाई म्हणाल्या. "भाजणी जराशी जाड पायजे."

मी पिन काढली. घंटीची लावली आणि जाड दळून दिली.